हव्वेचा नैवेद्य

मी आयुष्यात एकदाच नाटकात काम केलं आणि त्यात माझा नवरा झाली होती माझीच जिवलग मैत्रीण. तिनं डोक्याला बापाचा फेटा गुंडाळला होता, मी आईचं हिरवं लुगडं नेसले होते, आणि आम्ही दोघी मिळून जगातलं पहिलं जोडपं होतो. आज या वयात ते आठवलं तरी मला एकटीलाच हसू फुटतं. घरातली माणसं मग म्हातारीचं काही खरं नाही म्हणून एकमेकांकडं बघतात. बघू देत.

कोल्हापूरच्या महाराजांच्या राज्यातली गोष्ट. मुलींना शिकवा असा दरबारचा धोशा होता. आमचे वडील, म्हणजे आबा, तालमीतले गडी. अक्षरओळख नाही, पण महाराजांना कुस्तीचा नाद म्हटल्यावर महाराजांचा शब्द त्यांना शिरसावंद्य. "म्हाराज म्हनत्यात न्हवं, मग शिकवूया की," एवढ्या एका वाक्यावर माझं नाव शाळेत गेलं. आमचं गाव पंचगंगेच्या पलीकडं, कोल्हापूर तासाभराच्या चालीवर, आणि तिथली त्यातल्या त्यात जवळची शाळा गोऱ्या मडमबाईंची, मिशनची. भावकी कुरकुरली, पोरगी बाटणार म्हणाली. आत्यानं तर शिरोळकडचं एक स्थळच आणून ठेवलं. मी तेव्हा अकरा वर्षांची होते.

आबांनी दोन्ही बाजू राखल्या. माझ्यासमोरच त्यांनी मडमबाईंना बजावलं, "पोरगीची एक जरी तक्रार आली, तर दुसऱ्या दिवशी पाटी-दप्तर बंद. मग आमी हाय आन् ते शिरोळकडचं पावणं हायत." मडमबाईंनी मान हलवली. मीही हलवली. त्या दिवसापासून मी वर्गात इतकी शहाण्यासारखी वागायला लागले, की माझं मलाच कंटाळवाणं वाटायचं.

तर त्या वर्षी बक्षीस समारंभाला जगाच्या उत्पत्तीची गोष्ट करून दाखवायची असं मडमबाईंनी ठरवलं. आम्हा बावीस मुलींना त्यांनी ती आधी सांगितली. देवानं एक बाग केली, तीत एक पुरुष आणि एक बाई, आदाम आणि हव्वा, ठेवली, सगळी झाडं त्यांच्या हवाली केली आणि एका झाडाचं फळ तेवढं खायचं नाही म्हणून सांगितलं. ते खाल्लं की बरं काय, वाईट काय हे कळायला लागतं. सर्प आला, त्यानं बाईला भरीस घातलं, तिनं खाल्लं, नवऱ्याला दिलं, त्यानंही खाल्लं, आणि देवानं दोघांना बागेबाहेर काढलं.

गोष्ट संपली आणि वर्गात एकच गिल्ला झाला. "खायचं न्हवतं तर लावलंच कशाला?" एक जण म्हणाली. शेतकऱ्यांच्या पोरी आम्ही. झाड फुकट कुणी लावत नाही हे आम्हाला पक्कं ठाऊक. मैत्रीण माझ्या शेजारी बसायची. तिच्या घरचा बांगड्यांचा धंदा, ती मुसलमानाची. ती उठून म्हणाली, "आमच्यात बी आदम हाय की! पन आमची नानी सांगती, ते फळ न्हवतं, गहू हुता. आन् दोघांनी खाल्ला, दोघांनी माफी मागितली. एकटीच्या डोसक्यावर खापर न्हाय फोडलं."

आणि मग तिनंच तो प्रश्न विचारला. "बाई, खायच्या आदी त्यांस्नी बरं-वाईट कळतच न्हवतं न्हवं? मग खाणं वाईट, हे तरी कसं कळावं?"

मडमबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "प्रश्न उत्तम आहे," त्या त्यांच्या पुस्तकी मराठीत म्हणाल्या. "देवास बाहुल्या नको होत्या, मुलींनो. त्याने मनुष्यास मोकळे ठेविले. ऐकावे की न ऐकावे, हे ज्याचे त्याने ठरवावे." हे काही प्रश्नाचं उत्तर नव्हतं, हे आम्हाला कळलं. पण मला त्या "मोकळे ठेविले"नंच गुदगुल्या झाल्या. माझी वेणी आई घालायची, लुगड्याचा रंग आत्या ठरवायची आणि नवरा तर अख्खी भावकी मिळून निवडणार होती. आपल्या मनानं काही ठरवणारी बाई मला पहिल्यांदाच भेटत होती, आणि तिचं काम मला मिळालं होतं.

आईला मात्र एकच काळजी. मडमबाई म्हणाल्या होत्या, हव्वेच्या अंगावर दागदागिना नको, कपाळ मोकळं हवं. आई उसळलीच. "तिचा नवरा जित्ता हाय न्हवं? मग पांढरं कपाळ कशापायी? माझं लुगडं नेसून तसली अभद्र दिसायची न्हाय." शेवटी जगातली पहिली बाई आडवं कुंकू आणि कोपरापर्यंत हिरवा चुडा घालून उभी राहायची, असं ठरलं. चुडा नवऱ्याच्याच घरचा होता, त्यामुळं त्याच्या बाजूनं काही तक्रार नव्हती.

सर्प व्हायला कुणी तयार होईना. ज्या मुलीला नको म्हणायची सोय नव्हती, तिच्या वाट्याला तो आला. ती गावकुसाबाहेरच्या वस्तीतली, आईसोबत मिशनच्या आवारातच राहायची. वाचनात ती सगळ्यांच्या पुढं होती, अगदी माझ्याही, आणि हे मला फार लागायचं. वर्ग उघडायची किल्ली तिच्याकडं असायची. मडमबाई आम्हाला एका सतरंजीवर बसवत. आम्ही तिच्या आणि आमच्यामध्ये हातभर जागा सोडायचो. मडमबाई येऊन आम्हाला खेटून बसवत, आणि त्यांची पाठ वळली की हातभर जागा पुन्हा तयार व्हायची. यात आम्हाला काही गैर वाटत नव्हतं. घरी विहिरीवर, देवळात, सगळीकडं तसंच असायचं, आणि सवयीच्या गोष्टीत कुणी बरं-वाईट बघत बसत नाही.

सर्पाला साजेसं म्हणून तिला जुन्या पडद्याची शेपूट शिवली होती. नाटकाच्या तालमीत देव विचारायचा, हे काय केलं? की मग आदामानं माझ्याकडं बोट दाखवायचं आणि हिनं दिलं म्हणायचं. मी सर्पाकडं बोट दाखवायचं आणि यानं मला भुलवलं म्हणायचं. सर्पाला कुणाकडं बोट दाखवायची सोय नव्हती. त्यानं नुसतं पोटावर आडवं व्हायचं.

ते फळ कोणतं हे शास्त्रात दिलेलं नाही म्हणे. पण मडमबाईंच्या देशातल्या चित्रांत सफरचंद असतं, म्हणून सफरचंदच पाहिजे. तालमीला आम्ही पेरू वापरायचो, आणि मी तो इतक्या वेळा खाल्ला होता की माझं पोट बिघडलं होतं. बुधवारी मुंबईहून आगगाडीनं, गवतात गुंडाळून, खरं सफरचंद आलं. एकच. एका अंगानं लाल, एका अंगानं पिवळं. आम्ही कुणी ते कधी पाहिलं नव्हतं. मडमबाईंनी ते काचेच्या कपाटात, खडू आणि नकाशांशेजारी ठेवलं. कुलूप लावलं नाही. "या कपाटातले काहीही घ्या," त्या म्हणाल्या, "पण या फळास शनिवारपर्यंत हात लावू नका."

आता मला सांगा, यात चूक कुणाची? तोवर आमच्यातल्या एकीच्याही मनात त्याला हात लावायचं आलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी आणि मैत्रीण तालमीसाठी लवकर आलो. सर्पानं वर्ग उघडला आणि ती झाडणी आणायला गेली. वर्गात आम्ही दोघी आणि काचेआड ते.

"नुसता वास घिऊया," मैत्रीण म्हणाली.

मी ते बाहेर काढलं. वास घेतला. तिनं घेतला. मी परत घेतला. असा वास आमच्या गावात कशालाच नव्हता, गुऱ्हाळाच्या काहिलीलासुद्धा. माझ्या तोंडाला पाणी सुटलं आणि डोकं भलतंच पळायला लागलं. घरी कुठलीही नवी वस्तू, पहिला पेरू असो की पहिला गूळ, देवाला दाखवल्याशिवाय कुणाच्या तोंडात जात नसे. मग मला वाटलं, देवाची वस्तू देवालाच दाखवून खाल्ली, तर पाप कसलं? उलट आधी कुणी त्याला विचारलंच नव्हतं, सगळा घोटाळा तिथंच झाला असणार! मला इतका आनंद झाला की मी तिथंच एक उडी मारली. हजारो वर्षांचा तंटा मी चुटकीसरशी मिटवला होता.

पाटी धुतली, तिच्यावर सफरचंद ठेवलं, घागरीतल्या पाण्यानं भोवती वर्तुळ काढलं आणि अंबाबाईच्या शिखराकडं तोंड करून डोळे मिटले. देव नको म्हणाला नाही. मैत्रिणीनंही डोळे मिटून बिस्मिल्ला म्हटलं; म्हणजे दोन्हीकडून परवानगी झाली. दातानं तोडलं तर उष्टं होईल, म्हणून बोरू तासायच्या चाकूनं मी पहिली फोड कापली आणि तिला दिली.

ती चावायला लागली आणि तिचे डोळे हे एवढे झाले. "आगं आयायाई!" एवढंच ती म्हणाली.

मी माझी फोड कापणार, तेवढ्यात दारात दोन मुली. "काय गं वाटतीयास?"

आणि इथं माझ्या ध्यानात आलं की आपण काय करून बसलोय. नैवेद्य दाखवला की फळ फळ राहत नाही, प्रसाद होतो. प्रसाद कुणी मागितला तर नाही म्हणता येत नाही, कुणी दिला तर घेणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, आणि वाटणारीनं शेवटी खायचं असतं. मी त्या दोघींना दिला. त्यांच्यामागून चार आल्या. मग सात. उजवा हात वर, डावा खाली, अशी ओंजळ करून अख्खा वर्ग रांगेत उभा. फोडी बोटाएवढ्या होत्या, त्या नखाएवढ्या झाल्या, शेवटी जोंधळ्याएवढ्या. एकीनं तर बी मागून घेतलं, परड्यात लावते म्हणाली. मी घामाघूम होऊन कापत होते, खिदळत होते, आणि रांगेतल्या पोरी फोड तोंडात टाकून देवाला नमस्कार करत होत्या. माणसाचं पतन इतक्या शिस्तीत कुठं झालं नसेल.

रांगेच्या शेवटी सर्प होता. झाडणी बाजूला ठेवून तिनंही ओंजळ केली. मी फोड उचलली आणि वरून टाकली. ठरवून नाही, घरी आई वस्तीतल्या बायकांना तसंच टाकायची, म्हणून हात आपोआप वर राहिला. फोड तिच्या ओंजळीत पडली. तिनं ती लगेच खाल्ली नाही. तिनं वर माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, नुसतं पाहिलं, वाचताना पुढची ओळ आधीच माहीत असल्यासारखं. माझं खिदळणं थांबलं. चोरी वाईट हे मला ठाऊक होतं आणि ती मी हसत हसत केली होती. हे वरून टाकणं वाईट आहे, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं, आणि आता न सांगता कळलं. मला फार लाज वाटली.

पाटीवर माझी एकच फोड उरली होती, आणि दारात मडमबाई. आम्ही सगळ्या पुतळे. एका धांदरट मुलीनं ती फोड उचलली आणि मोठ्या आदरानं मडमबाईंच्या हातात ठेवली. मुलींनी दिलेलं नाकारू नये अशी त्यांची रीत. त्यांनी ती तोंडात टाकली, आणि त्यांचा चेहरा एकदम इतका लहान, इतका खूश झाला की मला वाटलं ह्या आता उड्या मारणार. घरची चव होती ना ती. मग त्यांचे डोळे उघडले. त्यांनी कपाटाकडं पाहिलं.

"कोणी दिले?"

हिनं दिलं. हिनं दिलं. हिनं दिलं. बोटांची माळच लागली, एकीकडून दुसरीकडं, आणि ती माझ्या मैत्रिणीपाशी येऊन थांबली. तिला आबांची अट माहीत होती. तिनं तोंड पुसलं आणि म्हणाली, "म्या खाल्लं, बाई." बोट दाखवलं नाही.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "वर्ग तर हिनंच उघडला. किल्ली हिच्याकडं असती." सगळ्यांच्या माना सर्पाकडं वळल्या. किती सोपं होतं! कुणालाही ते लगेच पटलं असतं. मी गप्प राहिले असते तर शाळा टिकली असती. मला शिरोळचे पावणे दिसायला लागले, आणि त्यांच्याही पुढं तिची ती नजर दिसली.

"म्या काढलं," मी म्हणाले. "म्याच वाटलं. तिनं कायबी केलं न्हाय."

मडमबाईंनी रिकामी पाटी उचलून जागेवर ठेवली. मग म्हणाल्या, "मी तुझ्या वडिलांस चिठ्ठी लिहिणार नाही. तू स्वतः सांग." चिठ्ठी परवडली असती. हे मोकळं ठेवणं किती जड असतं, ते मला त्या रात्री आबांच्या ताटात भाकरी वाढताना कळलं. तीन वेळा तोंड उघडलं, तिन्ही वेळा "आमटी वाढू?" एवढंच बाहेर पडलं.

शनिवारी दुपारी आवारातल्या चिंचेखाली चादरींचा पडदा लागला. आबा गुळाच्या पेठेतून थेट आले होते, पुढच्या सतरंजीवर मांडी ठोकून बसले. पडद्याआडून देव म्हणून मडमबाई बोलणार होत्या, कारण देवाचा आवाज काढायला दुसरं कुणी धजावत नव्हतं. नाटक पेरूवर निभावलं. मी खाल्ला, आदामाला दिला, त्यानं फेटा सावरत खाल्ला. लोक खूश. मग पडद्याआडून आवाज आला, "हे तुम्ही काय केले?"

आदामानं माझ्याकडं बोट दाखवायचं होतं. तो छाती काढून म्हणाला, "म्या खाल्लं." आणि गप्प. मागून कुणीतरी पढवलेलं वाक्य कुजबुजलं. त्यानं मान हलवली, नाही म्हणून.

देव गडबडला. "आणि स्त्रिये, तू?"

मी सर्पाकडं पाहिलं. तो शेपूट धरून, पोटावर आडवा व्हायच्या तयारीत, माझ्या बोटाची वाट बघत होता. मला, का कोण जाणे, हसूच येत होतं. "म्या कपाटातलं फळ काढलं," मी ओरडून सांगितलं, देवाला आणि आबांना. "नैवेद्य दावला आन् समद्या वर्गाला वाटलं. सर्पानं मला भुलवलं न्हाय. त्यानं निस्तं दार उघडलं." लोक खो खो हसले; त्यांना वाटलं, नाटकात आहे. मग मी उरलेला पेरू घेऊन सर्पाजवळ गेले, तिचा हात हातात धरला आणि पेरू तिच्या तळव्यावर ठेवला. वरून नाही.

हसू थांबलं. कुणीतरी खाकरलं. सर्पाला पुढं काय करायचं ते शिकवलेलं नव्हतं, म्हणून ती तशीच उभी राहिली, माझा हात न सोडता. आता देवानं शाप द्यायचे होते आणि आम्हाला हाकलायचं होतं. आबा सतरंजीवरून उठून उभे राहिले. संपलं, मी मनात म्हटलं.

पडद्याची चादर जरा हलली. मग देवाचा आवाज जरा घोगरा झाला. "सोमवारी दहा वाजता," देव म्हणाला, "सर्वांनी शाळेत वेळेवर यावे."

"व्हय!" पुढच्या सतरंजीवरून तालमीतला आवाज घुमला. "येतीया की! धाडतो!"

घरी जाताना आबा माझ्या पुढं पुढं चालत होते. नदीच्या घाटावर थांबले, इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "चव कशी हुती गं?"

"ठावं न्हाय, आबा," मी म्हणाले. "मला उरलंच न्हाय."

ते माझ्याकडं बघतच राहिले. मग इतके हसले, इतके हसले, की त्यांना पायरीवर बसावं लागलं. फेट्याच्या शेवानं डोळे पुसत म्हणाले, "आत्याला सांगावा धाडतो. शिरोळच्या पावण्यांस्नी म्हनावं, पोरगी आजून शिकतीया."